हेसेलटन साहेबांचा हरीण-वर्ग

हेसेलटन साहेबांनी दाढीला जाळी बांधली, तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. दाढी म्हणजे काय, तर हनुवटीवर चिमूटभर तांबूस केस. पण मांसाजवळ जाताना केस झाकावेत असं नियमात लिहिलंय. म्हणून अंगात पांढरा कोट, हातात निळे मोजे, डोक्याला टोपी आणि हनुवटीला जाळी अशा थाटात साहेब हरणं टांगायच्या शेडमध्ये आमच्यासमोर उभे राहिले. आम्ही दहा जण बाकांवर बसलेलो. ग्लेन तार्व आणि आसपासच्या दऱ्यांमधले आठ शिकारी, साहेबांच्या स्वतःच्या इस्टेटीवरचा पगारी शिकारी फार्कर मॅक्रे, आणि मी. सप्टेंबर संपत आला होता, वर डोंगरात नरांचं ओरडणं सुरू झालं होतं, आणि ज्यांनी त्या वेळी डोंगरात असायला हवं ते सगळे हात कसे धुवावेत याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघत होते.

मी डोलिना. बावीस वर्षं झाली, हरणाच्या मटणाच्या व्यापाऱ्याची थंड गाडी चालवते. प्रत्येक इस्टेटीच्या शेडमधून धडं उचलायची आणि इन्व्हरनेसच्या अलीकडे आमचा कारखाना आहे तिथे पोचवायची. हंगामात आठवड्याला शंभरेक धडं माझ्या खांद्यावरून जातात. चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे मला डोळे मिटूनही कळतं. वाईट असलं की आधी नाकालाच कळतं. पण नाकाला नंबर नसतो. आमच्या मालकाने ठरवलं की गाडीवरच्या माणसाकडेही प्रमाणपत्र हवं, म्हणून मी त्या बाकावर.

नियम तसा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. नाहीतर म्हणाल, ही बाई शिकण्याच्याच विरुद्ध आहे. हरीण मारून घरी खाल्लंत, शेजाऱ्याला मांडी दिलीत, तर कुणी विचारत नाही. पण व्यापाऱ्याला विकायचं असेल तर शिकलेल्या माणसाने ते तपासायला हवं. मरायच्या आधी ते कसं चालत होतं, पोट उघडल्यावर आतडी कशी दिसली, फुप्फुसं, काळीज, त्यांच्याजवळच्या गाठी कशा आहेत. सगळं ठीक असेल तर तो टॅगवर ‘काही वावगं नाही’ असं लिहून सही करतो, खाली आपला नंबर घालतो, आणि धड आतड्यांशिवाय एकटं गाडीत चढतं. काही वावगं दिसलं तर पशुवैद्याला फोन. इतकं साधं आहे. फार्करच्या बापाला हे येत होतं, आजोबालाही येत होतं, त्यांनी फक्त नंबर घेतला नव्हता.

साहेबांनी घेतला. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी लंडनहून येऊन ग्लेन तार्व विकत घेतलं. पहिल्या वर्षी त्यांना हरीण आणि लव्हाळ्याचा झुपका यातला फरक फार्करने बोट धरून दाखवला. दुसऱ्या वर्षी पोट कसं साफ करायचं ते शिकवलं. तिसऱ्या वर्षी साहेब एका हॉटेलात दोन दिवसांचा वर्ग करून आले, प्रमाणपत्राला सोनेरी चौकट केली आणि ते शेडमध्ये फार्करच्या सुऱ्यांच्या वर टांगलं. मग कुठलासा पुढचा वर्ग केला आणि परीक्षकही झाले. तेव्हापासून इस्टेटीवर हरीण मारायचं फार्करने, ओढून आणायचं फार्करने, उघडून बघायचं फार्करने, आणि सही साहेबांची. लंडनला जायचे तेव्हा ते टॅगचा गठ्ठा आधीच सह्या करून खिळ्याला अडकवून जायचे. हरीण अजून डोंगरात चरत असायचं आणि त्याच्यात काही वावगं नाही हे साहेबांना लंडनमध्ये ठाऊक असायचं.

हे किती दिवस चालणार? आमच्या कारखान्यात सरकारी पशुवैद्य आहे, इनेस नावाची. स्पेनची. बारीक चणीची आणि दगडासारखी सरळ. तिने एकदा सह्यांच्या आणि हरणं मारल्याच्या तारखा जुळवून बघितल्या आणि साहेबांना कडक पत्र धाडलं. साहेबांनी त्या पत्राचा राग कुणावर काढावा? फार्करवर. त्याला सांगितलं, मार्टिनमसच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या अठ्ठावीसच्या आत, स्वतःचं प्रमाणपत्र मिळव. नाहीतर मला प्रमाणपत्रवाला शिकारी आणावा लागेल, आणि नव्या माणसाला राहायला घर लागेलच.

फार्कर ज्या घरात राहतो ते घर नोकरीबरोबरचं. तो त्याच घरात जन्मला. त्याची बायको इना तिशीत असताना लग्न करून तिथे आली, आता तिचे गुडघे गेलेत. फार्कर अठ्ठावन्नचा. त्याला दुसरं काही येत नाही आणि येण्याची गरजही कधी पडली नव्हती. म्हणजे त्या दिवशी आम्ही नऊ जण नंबर मिळवायला आलो होतो आणि फार्कर आपलं छप्पर राखायला.

यापूर्वी तो दोनदा नापास झाला होता, तेही स्वतःच्या हट्टापायी. पहिल्यांदा परीक्षेत एका काळजाचा फोटो दाखवून विचारलं, यात काय वावगं आहे? याने लिहिलं, ‘हे मेंढीचं आहे.’ होतंच ते मेंढीचं. पण उत्तर हवं होतं ‘जंत’. दुसऱ्यांदा तो हात धुण्याच्या व्हिडिओत उठून घरी निघून गेला. मी त्याला या तिसऱ्या वर्गाच्या आदल्या रविवारी चर्चबाहेर गाठून सांगितलं होतं, “फार्कर, या वेळी शहाणपणा नको. जे हवंय ते लिही आणि ये.” तो म्हणाला, “इनानेही हेच सांगितलंय.” आणि खरं सांगते, त्या सकाळी तो नुसता मेंढरासारखा बसला होता. व्हिडिओ पूर्ण बघितला. लेखी पेपरात तीसपैकी एकोणतीस. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “बघ, मनावर घेतलं की जमतं.” फार्करने मान डोलावली. मला त्या थापेचाच राग आला, पण म्हटलं, असू दे, घर तर राहील.

जेवणात सूप आणि ओटच्या खारट पापड्या होत्या. मग प्रात्यक्षिक.

साहेबांनी आकडीला एक नर टांगला होता. आदल्या दिवशी स्वतः मारलेला. फार्करला न नेता, एकट्याने. हे त्यांनी आम्हाला तीनदा ऐकवलं. कितीतरी अंतरावरून एकच गोळी, स्वतः पोट साफ केलं, स्वतः तपासलं, आणि हा बघा टॅग, सहीसकट. टॅग धडाच्या मागच्या पायाला बांधून तयारच होता. शेजारी स्टीलच्या टेबलावर एका मोठ्या ट्रेमध्ये आतडी, फुप्फुसं, काळीज, सगळं आमच्यासाठी मांडून ठेवलेलं.

मी दुसऱ्या बाकावर होते. तिथूनच मला ती गाठ दिसली.

आतड्यांच्या पडद्यात गाठींची ओळ असते. निरोगी हरणात ती शोधावी लागते, इतकी बारीक. या ट्रेमध्ये शोधायचं कामच नव्हतं. कोंबडीच्या अंड्याएवढी एक आणि तिच्याखाली दोन लहान. मी इवेन बीटनकडे बघितलं. तो तीस वर्षं पलीकडच्या दरीत शिकार करतोय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच आपल्या टोपीकडे बघायला लागला. तेवढ्यावरून कळलं, त्यालाही दिसलंय. सगळ्यांनाच दिसलं होतं. त्या शेडमध्ये ती गाठ न दिसलेला माणूस एकच होता आणि त्याच्या हातात काडी होती.

त्या काडीने ती गाठ दाखवत साहेब म्हणाले, ही लसिकाग्रंथी. बघा किती छान भरलेली आहे. उन्हाळाभर नर चांगला चरला की अशी दिसते. फोटोत ती नेहमी लहान का दाखवतात कोण जाणे.

आता तुम्ही विचाराल, नऊ अनुभवी माणसं तिथे बसलेली, कुणी बोललं का नाही? तर ही आमची रीत. मालकाच्या शेडमध्ये, मालकाच्या पाहुण्यांसमोर मालकाला खोटं पाडायचं नाही. पुढे गाडीत, दुकानात, चुलीशी बसून आम्ही त्याची अशी चामडी सोलतो की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. पण समोर? समोर सगळे बुटांचे बंद तपासतात. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. पिढ्यानपिढ्या मालकांनी माणसं घरांतून हुसकली, याच सभ्यपणापायी आमच्या दऱ्या रिकाम्या झाल्या, तरी आमचा सभ्यपणा काही संपत नाही.

साहेबांनी एकेकाला बोलावून विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाने ट्रेमधलं सगळं हाताळायचं, नावं सांगायची, शेवटी टॅगवर काय लिहाल ते सांगायचं. इवेन गेला. त्याने फुप्फुसं दाबली, काळीज उलटंपालटं केलं, आतड्यांवरून असा हात फिरवला की जणू ती तापलेली आहेत, आणि म्हणाला, “काही वावगं नाही.” पास. दुसरा, तिसरा, तसंच. मग माझं नाव आलं. मी पुढे झाले. त्या गाठीवर बोट ठेवलं. कडक होती आणि आत काहीतरी दाट हलत होतं. साहेब जाळीतून माझ्याकडे हसून बघत होते. ग्लेन तार्वची धडं म्हणजे माझ्या फेरीचा चौथा हिस्सा. मी म्हणाले, “काही वावगं नाही.” माझाच आवाज मला गिऱ्हाइकाला हो म्हणणाऱ्या दुकानातल्या बाईसारखा वाटला. जागेवर येऊन बसले.

फार्कर शेवटचा. साहेबांनी मुद्दामच त्याला शेवटी ठेवला होता, की आपला माणूस पास झालेला सगळ्यांनी बघावा. त्यांना त्याचं वाईट करायचं होतं असं मी म्हणणार नाही. वाईट करायलाही जरा अक्कल लागते.

फार्कर ट्रेपाशी गेला आणि वाकून एकेक अवयव बघू लागला. मी मनात म्हणत होते, तीन शब्द, बाबा, तीन शब्द बोल आणि घरी जा. त्याने फुप्फुसांच्या गाठी चाचपल्या. मग सुरी घेतली आणि ती अंड्याएवढी गाठ मधोमध कापली. आतून पिवळट, घट्ट, चुरगळलेल्या चीजसारखा पू निघाला.

साहेबांचा चेहरा लाल झाला आणि मग ते हसले. काट्याची जखम असेल, म्हणाले. काटा टोचतो, आत पू होतो, तेवढा भाग कापून टाकायचा. मग त्याला विचारलं, “तर फार्कर, टॅगवर काय लिहायचं?”

“टॅग काढायचा,” फार्कर म्हणाला. “काट्याने आतड्याच्या गाठी अशा होत नाहीत साहेब. फुप्फुसातही एक आहे. मला हा क्षय वाटतो. सगळं जिथल्या तिथे ठेवून फोन करायचा.”

“हे मी काल स्वतः तपासलंय.”

“असेल. आज मी तपासतोय. तुम्हीच सांगितलंत तपास म्हणून.”

तो हे उद्धटपणे म्हणाला नाही. सुनेला मीठ कमी आहे म्हणून सांगावं तितक्याच आवाजात म्हणाला. साहेबांना ते जास्तच झोंबलं. ते आमच्याकडे वळले. अजून आठवलं की माझ्या कानशिलांत गरम होतं. ते म्हणाले, इथे नऊ जणांनी हेच हरीण बघितलंय. कुणाला फार्करसारखं वाटतंय का? वाटत असेल तर आत्ता सांगा, मी लगेच फोन करतो.

खरंच केला असता का? कोण जाणे, केलाही असता. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी ते ऐकणारे होते असं आता मला वाटतं. पण इवेन टोपी फिरवत राहिला. बाकीचे सात जण छताकडे, नळाकडे, सोनेरी चौकटीकडे बघत राहिले. मी माझ्या गाडीच्या किल्ल्या मोजल्या. एकच किल्ली होती.

साहेबांनी कागदावर खूण केली. म्हणाले, वाईट वाटतं फार्कर, पण निरोगी जनावर ओळखता येणं हाच या परीक्षेचा गाभा आहे. फार्करने हातमोजे काढून नीट उलटे केले आणि डब्यात टाकले. व्हिडिओत दाखवलं होतं अगदी तसे.

तासाभराने मी आठवड्याची धडं गाडीत चढवत होते. तो नरही त्यातच, टॅगसकट. सही असल्यावर आतड्यांची कुणाला गरज नसते, ती पुरायची असतात. फार्कर ट्रेमधलं सगळं एका झाकणाच्या बादलीत भरून घेऊन आला. झाकणावर त्याने त्या टॅगचा नंबर लिहिला होता. साहेब घराच्या पायऱ्यांवरून बघत होते, पण खाली आले नाहीत.

“हे इनेसला दे,” तो म्हणाला. “आणि ते धड बाकीच्यांपासून लांब टांग.”

“फार्कर,” मी म्हणाले, “तीन शब्द म्हणायला काय जात होतं तुझं?”

“तू म्हणालीस की. तुझं काय गेलं?”

बादली मी पुढे माझ्या सीटजवळ ठेवली. गाडी चालवायला तोंड उघडावं लागत नाही, तेवढं काम मी चोख केलं.

इनेसने झाकण उघडलं, मोजून दोन सेकंद बघितलं आणि माझी सगळी गाडीच बाजूला उभी करायला लावली. नमुने घेतले, धड वेगळं केलं, फोन फिरवले. मग फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, रोगाची शंका प्रथम कुणाला आली त्या प्रशिक्षित शिकाऱ्याचं नाव आणि नंबर. तिने मला विचारलं, “टॅगवर तर ‘काही वावगं नाही’ लिहिलंय. मग बादली कुणी पाठवली? कुणाच्या लक्षात आलं हे?”

इथे मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी खरं काय ते सांगू शकले असते. फार्कर मॅक्रे, नंबर नाही, नुकताच नापास. पण माझ्या डोक्यात वेगळीच हुशारी शिजली. मला वाटलं, साहेबांची अब्रू वाचवली तर साहेब ते विसरणार नाहीत. त्यांना कळेल की फार्करच्या बादलीने त्यांना वाचवलं, मग ते मार्टिनमसचं विसरून जातील, घर राहील. मी म्हणाले, “बादली साहेबांच्या शेडमधूनच आली. उशिरा लक्षात आलं असेल, टॅग बदलायचा राहिला.” इनेसने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मग रकान्यात हेसेलटन साहेबांचा नंबर लिहिला. दुसरा कुठला नंबर त्या रकान्यात बसणारही नव्हता.

मालकावर उपकार करून ठेवला की तो फेडला जातो, असं समजणारी माणसं जगात फक्त आमच्याच दऱ्यांमध्ये उरली असतील. आणि त्यातली पहिली मूर्ख मी.

क्षयच निघाला. तीन आठवड्यांनी साहेबांना सरकारी पत्र आलं. त्यांच्या दक्षतेबद्दल आभार. अशा जबाबदार प्रशिक्षित शिकाऱ्यांमुळेच लोकांच्या ताटातलं मांस सुरक्षित राहतं, वगैरे. साहेबांनी ते दुकानात वाचून दाखवलं. माझ्यासमोर वाचलं. आणि गंमत सांगू? त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. त्या तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःला पटवून टाकलं होतं की गाठ त्यांनाच दिसली होती आणि आम्हाला पारखायला ते मुद्दाम गप्प राहिले होते. म्हणाले, “बघितलंत ना, तुम्ही एकानेही ओळखली नाही.” आम्ही म्हणालो, “खरंय साहेब.”

त्याच आठवड्यात फार्करला नोटीस मिळाली. पत्राची भाषा फार मऊ होती. दरीत रोग सापडल्यामुळे आता कागदपत्रांत जराही ढिलाई परवडणार नाही, प्रत्येक धड प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच तपासायला हवं, त्यामुळे नाइलाजाने. नवा शिकारी यॉर्कशायरचा होता. त्याच्याकडे म्हणे तीन प्रमाणपत्रं होती. मी साहेबांकडे गेले. पायऱ्यांपर्यंत गेले. सांगणार होते, ती बादली फार्करची. पण मग मी इनेसला खोटं का सांगितलं ते विचारलं असतं, आमच्या कारखान्याच्या मालकापर्यंत गेलं असतं. मी पायऱ्यांवरूनच परत फिरले. दार वाजवलंही नाही.

आमची प्रमाणपत्रं पोस्टाने आली. नऊच्या नऊ जणांना. जाड कागद, ठसठशीत नंबर. रोगी जनावर ओळखण्यास सक्षम, असं त्यावर छापलं होतं. इवेनने आपलं जळणाच्या पेटीत टाकलं म्हणे, पण नंबर आधी पाठ करून ठेवला. मी माझं गाडीच्या खणात ठेवलं.

मार्टिनमसच्या दिवशी आम्ही सगळे फार्करचं सामान हलवायला गेलो. बोलावलं नव्हतं कुणाला, तरी नऊही जण आले. त्यात आम्ही कधी कमी पडत नाही. कपाट जिन्यावरून कसं उतरवायचं, भांड्यांना वर्तमानपत्र कसं गुंडाळायचं, म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत कसं चढवायचं, याबाबतीत आमच्याइतकी मायाळू माणसं शोधून सापडणार नाहीत. इना एका खोक्यावर बसून सांगत होती, हे इकडे, ते तिकडे. ते दोघं तिच्या भावाकडे जाणार होते, त्याच्या गोठ्यामागच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या एका खोलीत. मी माझी थंड गाडी धुऊन आणली होती. गाद्या तिच्यात टाकल्या.

दुपारी साहेबांची मोटार दारापुढे थांबली. ते स्वतः उतरले नाहीत, घरकाम करणाऱ्या बाईबरोबर एक भेट पाठवली. हरणाची अख्खी मागची मांडी, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, दोरीला टॅग. सोबत चिठ्ठी, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. मोटार निघून गेली. बाईने मांडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ते एकच टेबल तेवढं न्यायचं राहिलं होतं. ती घाईने बाहेर पडली.

आम्ही सगळे तिथेच होतो, कुणी दारात, कुणी खिडकीशी. फार्करने कापड सोडलं. टॅगकडे त्याने बघितलं नाही. मांडी उलटी केली, खिशातली छोटी सुरी काढून आतली चरबी जरा दूर केली आणि तिथली बारीक गाठ उघडी केली. वाकून हुंगलं. मग सुरी पुसली आणि आमच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुम्ही सगळे आता शिकलेले,” तो म्हणाला. “माझ्याकडे कागद नाही. तुम्ही सांगा. हे खायला देऊ का इनाला?”

टेबलापासून मी दोन पावलांवर होते. गाठ मला स्पष्ट दिसत होती. तांदळाच्या दाण्याएवढी, गुलाबी, स्वच्छ. इवेनलाही दिसत होती. आठ माणसं आणि एक बाई, सगळ्यांच्या नावावर नंबर. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, टेबल आता बाहेर काढायला हवं, अंधार लवकर पडतो. दोघांनी लगेच टेबलाची दोन टोकं धरली. फार्करने मांडी उचलून हातात घेतली म्हणजे त्यांना टेबल नेता येईल. मीही एक खुर्ची उचलली आणि त्यांच्यामागे निघाले.

मांस चांगलं होतं. अगदी चांगलं होतं. तेवढं तरी सांगायला हवं होतं.